हिरडीतलं रक्त

रेणुकाचे वडील एसटीत ड्रायव्हर होते. त्यांच्या खाकी सदऱ्याच्या खिशात, गादीखाली, भांड्यांच्या फळीमागं गुटख्याच्या पुड्या सापडायच्या आणि प्रत्येक वेळी ते म्हणायचे, "दुसऱ्या कुणाची तरी असंल." पुढं तोंडाच्या कॅन्सरनं त्यांचा जबडा काढावा लागला. बोलणं बंद झालं, तरी मान हलवून ते नाहीच म्हणत राहिले. वडील गेल्याचं दुःख रेणुकाच्या मनात हळूहळू निवलं. त्यांच्या खोटं बोलण्याचा राग मात्र निवला नाही.

म्हणून लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा तिनं आईला एकच सांगितलं, "तंबाखू खाणारा नको. बाकी कसाही असू दे."

आनंदराज खात नव्हता. सुपारीचं खांडसुद्धा नाही. कंधारजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर तो शिक्षक होता. बघायला आला तेव्हा थोडं बोलला आणि ओठ मिटून हसला. लाजाळू आहे, असं रेणुकाला वाटलं. लग्न झालं, तनुजा झाली, रेणुकाला कंधारच्या पोस्टात नोकरी लागली. सासूबाई कोंडाबाई सोबत राहायच्या. घर कुणीही हेवा करावा असं चाललं होतं.

शाळा तंबाखूमुक्त करायचं काम निघालं तेव्हा बाकीच्या मास्तरांनी फलक रंगवला आणि विषय संपवला. आनंदराजनं ते काम मनावर घेतलं. पोरांना घेऊन गावातून फेऱ्या काढल्या, पालकांच्या सभेत बोलला आणि शेवटी शाळेच्या फाटकासमोरची केरबाची पानटपरी गावाबाहेरच्या फाट्यावर हलवायला लावली. केरबानं भांडण केलं नाही, पण त्या दिवसापासून मास्तर समोरून आले की तो तोंड फिरवायचा.

तनुजा दहावी होऊन लातूरला क्लाससाठी वसतिगृहात राहायला गेली, त्या वर्षी रेणुकाला पहिल्यांदा वॉशबेसिनमध्ये लाल डाग दिसला. आनंदराज नुकताच चूळ भरून गेला होता. पाणी नीट ओतलं नव्हतं, आणि पांढऱ्या भांड्याच्या कडेला लालसर लाळ ओघळून सुकत होती.

हा रंग ती लहानपणापासून ओळखत होती. माहेरच्या मोरीचा कोपरा कायम याच रंगाचा असायचा.

मग तिचं लक्ष जाऊ लागलं. शाळेतून आला की त्याच्या एका गालात काहीतरी असायचं. ती समोर आली की तो ते जिभेनं आत सरकवायचा. बोलताना तोंडापुढं हात धरायचा. तोंडाला घाण वास यायचा, कुजका, आणि त्यावर लवंगेचा उग्र वास. वडीलही घरी शिरण्याआधी बडीशेप चघळायचे.

ती काही बोलली नाही. विचारलं तर तो नाही म्हणणार, आणि ते 'नाही' तिला पुन्हा ऐकायचं नव्हतं. ती रात्री भिंतीकडं तोंड करून झोपू लागली. आनंदराजला वाटलं, आपल्या तोंडाचा वास हिला सहन होत नाही. तोही खाटेच्या काठाला सरकून झोपू लागला. दोघांनी एकमेकांना दोष दिला नाही आणि एकमेकांना काही विचारलंही नाही. वर्ष गेलं, दुसरंही गेलं.

त्या उन्हाळ्यात आनंदराज भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागला.

"तोंड आलंय जरा," तो म्हणाला. औषधाच्या दुकानातून मलम आणलं. ते संपलं, दुसरं आणलं. कोंडाबाईंनी तूप लावायला सांगितलं, तेही लावून झालं. तो वाळत चालला. वर्गात पाढे म्हणताना त्याचे शब्द घसरू लागले. मुख्याध्यापक सिद्धलिंग सर एकदा सगळ्यांसमोर हसून म्हणाले, "सर, तोंडात काय धरून बोलून राहिलात?" शिक्षक हसले. आनंदराजही ओठ मिटून हसला. नांदेडला जाऊन तोंड दाखवावं, असं त्याच्या मनात अनेकदा आलं होतं. त्या दिवशी त्यानं तो विचार सोडून दिला. तोंडाच्या दवाखान्यात कुणी बघितलं तर गाव काय म्हणेल, हे त्याला आता नेमकं कळलं होतं.

एका रविवारी सकाळी चहाचा कप त्याच्या हातातून निसटला. कानावर हात दाबून तो खाली बसला.

"काय झालं?"

"कान ठणकतोय. आतून."

रेणुकानं फरशीवरचा चहा पुसला नाही. ती तशीच उभी राहिली आणि दोन वर्षं दाबून ठेवलेलं तिच्या तोंडून बाहेर पडलं.

"कधीपासून खाता तुम्ही?"

"काय?"

"मला येडी समजू नका. माझा बाप गेलाय त्याच्यात. गालात काय धरून असता? बेसिनमध्ये लाल काय थुंकता? कधीपासून खाता ते सांगा."

आनंदराजनं सदऱ्याच्या खिशातून कागदाची लहान पुडी काढली आणि उलगडून तिच्यापुढं धरली. लवंगा होत्या.

"दाढ दुखते म्हणून धरतो," तो म्हणाला. "लाल म्हणशील तर ते रक्त आहे. ब्रश लागला की हिरड्यांतून येतं. लई दिवसांपासून येतं."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तू तोंड फिरवून झोपतेस. काय सांगू?"

त्यानं मोबाइलची बॅटरी लावून तिच्या हातात दिली आणि तोंड उघडलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण रेणुकानं त्याचं तोंड असं कधी बघितलं नव्हतं. हिरड्या दातांपासून सुटून खाली गेल्या होत्या, जागोजागी निळसर सुजल्या होत्या. दोन दातांच्या मुळाशी पू दिसत होता. जिभेच्या डाव्या कडेला कडक काठाची एक खोल जखम होती, मध्ये पांढरट. तिनं बॅटरी विझवली. अशी जखम तिनं आधीही बघितली होती.

"आवरा," ती म्हणाली. "नांदेडला जायचंय."

कोंडाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "माझ्या लेकानं सुपारी बी खाल्ली न्हाई कंधी," त्या एवढंच म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या.

नांदेडच्या दवाखान्यात गर्दी होती. बाकावर बसलेल्या माणसांपैकी कुणाच्या गालाला भोक पडलं होतं, कुणाचं तोंड बोटभरही उघडत नव्हतं. आनंदराज मास्क लावून, मान खाली घालून बसला. ओळखीचं कुणी दिसलं तर काय सांगायचं, याचा विचार तो करत असावा. रेणुका वडिलांसोबत अशाच एका बाकावर बसली होती. तेव्हाही असाच फिनेलचा वास होता.

डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी जीभ चिमटीत धरून जखम बघितली, मानेवरून बोटं फिरवली आणि हातमोजे काढता काढता विचारलं, "तंबाखू किती वर्षांपासून?"

"खात नाही."

"गुटखा? खर्रा? मिश्री?"

"नाही."

"दारू, विडी?"

"नाही सर. मी शिक्षक आहे. शाळा तंबाखूमुक्त केलीय मी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. दिवसभरात असलं 'नाही' त्यांनी पुष्कळ ऐकलं असणार. ते रेणुकाकडं वळले. "ताई, तुम्ही सांगा. घरच्या माणसाला ठाऊक असतं."

रेणुकाला लवंगांची पुडी आठवली. पण पुडीत लवंगा असल्या म्हणून गालातही लवंगच होती, हे कुणी सांगावं? वडीलही असेच मान ताठ ठेवून डॉक्टरांशी बोलायचे. नाही हा शब्द तिच्या ओठांवर होता, पण तो बाहेर यायला वेळ लागला. तेवढ्या वेळात आनंदराजनं मान वळवून तिच्याकडं बघितलं.

"नाही खात ते," ती म्हणाली.

डॉक्टरांनी पुढचं लिहायला घेतलं. आनंदराजनं पुन्हा तिच्याकडं बघितलं नाही. जखमेचा तुकडा तपासायला काढला तेव्हाही त्यानं तिचा हात धरला नाही, आणि परतीच्या गाडीत सारा वेळ खिडकीबाहेर बघत राहिला.

तपासणीत कॅन्सर निघाला. ऑपरेशन लातूरला करायचं ठरलं. तनुजा बारावीनंतरही क्लाससाठी तिथंच होती, आणि तिथल्या एका दवाखान्यात जिभेची ऑपरेशनं होतात असं कळलं होतं.

गावात बातमी त्यांच्या आधी पोचली होती. फाट्यावरच्या टपरीत केरबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "माझं दुकान हलवलं आन् सोत्ता चोरून खात व्हता मास्तर." पोस्टात रेणुकाला कुणी तोंडावर काही म्हटलं नाही, पण खिडकीपलीकडून लोक ज्या नजरेनं बघायचे ती नजर तिला कळत होती. दोन वर्षं ती स्वतः नवऱ्याकडं तशीच बघत आली होती.

लातूरच्या डॉक्टर उज्वला मॅडम वयानं लहान होत्या आणि बोलताना खुर्ची पेशंटजवळ ओढून घ्यायच्या. ऑपरेशनच्या आधी त्यांनी आनंदराजच्या हिरड्या आणि दातांमधल्या फटी बराच वेळ तपासल्या.

"ब्रश करताना रक्त कधीपासून येतं?"

"सात-आठ वर्षं झाली असतील."

"कुणाला दाखवलंत?"

"नाही. हिरड्यांसाठी कोण जातं मॅडम दवाखान्यात?"

मॅडमनी दातांच्या फटीतला थोडा मळ आणि लाळ नळीत घेतली. तोंडातल्या जंतूंचा अभ्यास चाललाय, त्यासाठी चालेल का, असं त्यांनी आधीच विचारलं होतं.

"जंतूंचा आणि ह्याचा काय संबंध?" रेणुकानं विचारलं.

"तोंडात शेकडो प्रकारचे जंतू असतात, ताई. बहुतेक निरुपद्रवी. पण हिरड्या वर्षानुवर्षं सुजलेल्या राहिल्या, पू धरला, की काही वाईट जाती तिथं बस्तान मांडतात. सूज कधी हटतच नाही. जगभर बघितलं जातंय, ज्यांच्या हिरड्या अशा असतात त्यांच्यात तोंडाचे, घशाचे कॅन्सर जरा जास्त दिसतात. गाठीतून काढलेल्या तुकड्यातही हे जंतू सापडतात."

आनंदराज सरळ बसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत जीव आला.

"म्हणजे मला ह्या जंतूंमुळं झालं?"

"तसं मला म्हणता येणार नाही."

"का?"

"जंतूंनी गाठ केली, की गाठ झाल्यावर जंतू तिथं राहायला आले, हे अजून पक्कं माहीत नाही. तंबाखू आणि दारू ही मोठी कारणं आहेतच. पण काही न खाणाऱ्या माणसांनाही हा आजार होतो, सर. तुमच्या बाबतीत नेमकं काय झालं, हे आज कुणीच सांगू शकत नाही."

"मॅडम, एकदा म्हणा ना." त्याचे शब्द घसरत होते, तरी तो जोर लावून बोलत होता. "जंतूंमुळं झालं म्हणा. हिच्यासमोर म्हणा. मग कापा जीभ कापायची तेवढी."

मॅडमनी हातातली नळी बाजूला ठेवली. "जे माहीत नाही ते मी म्हणणार नाही. पण हे म्हणते," त्या रेणुकाकडं वळल्या. "तंबाखू खाणाऱ्याचं तोंड कसं दिसतं हे मी रोज बघते. गालाची आतली कातडी पांढरी पडते, ताठरते, दातांवर डाग बसतात. ह्यांच्या तोंडात मला त्यातलं काही दिसत नाही. हिरड्यांचा जुना आजार मात्र स्पष्ट दिसतोय. तो वेळेवर बरा करता आला असता."

रेणुकाला वॉशबेसिन आठवत होतं. रोज सकाळी ती त्यात तांब्याभर पाणी ओतायची, तो लाल रंग डोळ्यांपुढून जावा म्हणून. हे काय आहे, असं एकदा जरी विचारलं असतं तरी ते रक्त आहे हे कळलं असतं. मग तिनंच त्याला ओढत दातांच्या दवाखान्यात नेलं असतं. पुढचं टळलं असतं की नाही, हे मॅडमनाही ठाऊक नव्हतं. पण जखम इतकी वाढली नसती.

ऑपरेशनला दिवस गेला. डावीकडची जवळजवळ अर्धी जीभ काढली. मनगटाजवळची कातडी घेऊन तिथं जोडली, मानेतल्या गाठी काढल्या. नंतर किरणांचा उपचार द्यायचा होता, म्हणून सडलेले दातही काढून टाकले. नाकातल्या नळीनं पेज, दूध, वरणाचं पाणी सुरू झालं. तनुजा क्लास सुटला की येऊन बापाच्या पायाशी पुस्तक घेऊन बसायची. एकदा नर्स नळीतून दूध सोडत असताना ती व्हरांड्यात गेली आणि बराच वेळ परत आली नाही. रेणुका बघायला गेली तर ती कठड्याला टेकून रडत होती.

"आई, हॉस्टेलमधल्या पोरी विचारतात. पप्पा गुटखा खायचे का म्हणून."

"तू काय सांगितलंस?"

"नाही म्हणून. त्या गप्प बसल्या."

सिद्धलिंग सर दोन शिक्षकांना घेऊन भेटायला आले. मोसंबी आणली होती. ती खाणार कोण, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. ते भले माणूस होते, आणि जे बोलले ते भल्यासाठीच बोलले.

"काळजी करू नका, सर. मी गावात सगळ्यांना सांगितलंय, आता सरांनी सगळं सोडलंय म्हणून. चूक माणसाकडूनच होते."

खाटेवर आनंदराजचे डोळे मोठे झाले. त्याच्या घशातून आवाज आला, पण शब्द झाला नाही. त्यानं हात उचलला. नळी हलली. रेणुका उठून उभी राहिली.

"काय सोडलंय त्यांनी?"

"नाही, म्हणजे ते..."

"त्यांनी कधी धरलंच नव्हतं, सर. सोडायचं काय? त्यांच्या हिरड्यांतून वर्षानुवर्षं रक्त येत होतं. मीच त्याला गुटखा समजले. बायको असून समजले. तुम्ही समजलात तर त्यात काय मोठं. पण आता गावात जाऊन हे सांगा. मी सांगितलं म्हणून सांगा."

सिद्धलिंग सरांनी मान हलवली. "हो, हो ताई, सांगतो ना," असं ते ज्या सुरात म्हणाले, त्यावरून तिला कळलं की त्यांचा विश्वास बसलेला नाही. नवऱ्याची बाजू घेणारी बायको, एवढंच त्यांनी बघितलं. ते गेल्यावर ती आनंदराजकडं वळली. त्यानं डोळे मिटले होते. तो झोपला नव्हता.

किरणांच्या उपचारात तोंड आतून सोलून निघालं. लाळ आटली. पाण्याचा घोटही आगीसारखा लागायचा. कोंडाबाई लातूरला आल्या, लेकाचं तोंड बघून तशाच खाली बसल्या. घरी भाजलेल्या तंबाखूच्या मिश्रीची डबी त्यांच्या उशाशी असायची. त्या रात्रंदिवस एकच म्हणत राहिल्या, "मी जनम सारा मिसरी घासली. माझ्या तोंडात हाय का काही? मंग ह्यालाच कशापायी?" उज्वला मॅडमनी त्यांचंही तोंड तपासलं आणि मिश्री बंद करा म्हणून बजावलं. कोंडाबाईंनी 'हाव, हाव' म्हणत मान डोलावली, पण डबी काही टाकली नाही.

दिवाळीनंतर आनंदराज शाळेवर रुजू झाला. बोलणं जाड, ओलं, अर्धवट ऐकू येणारं. र आणि ळ गेलेच होते. त्या दिवशी तो घरी आला, अंगणातल्या खुर्चीवर बसला आणि अंधार पडेपर्यंत उठला नाही. रेणुका शेजारी येऊन बसली.

"पोरं हसली का?"

त्यानं मान हलवली. नाही. मग हळूहळू, थांबत थांबत त्यानं सांगितलं. पोरं हसली नव्हती. घाबरली होती. तो फळ्याजवळ गेला की पुढच्या बाकावरची मुलं मागं सरकत होती. बाहेर एका बाईनं लेकराला ओढून नेताना म्हटलं होतं, बघ, गुटखा खाल्ल्यावर असं होतं.

"मी जाऊन बोलते त्या बाईशी."

"नको." तो थांबला, तोंडातलं पाणी गिळायला त्याला वेळ लागायचा. "नांदेडला डॉक्टरनं विचारलं तेव्हा तू बोलली नाहीस."

रेणुका ह्या वाक्याची कित्येक महिने वाट बघत होती.

"बोलले मी."

"उशिरा."

"हो. उशिरा." ती म्हणाली. "मला बाबा दिसत होते."

"मी तुझा बाप नव्हतो."

आतून कोंडाबाईंच्या भांड्यांचा आवाज येत होता. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "मी आधीच विचारलं असतं, तर रक्त येतं म्हणून सांगितलं असतं तुम्ही?"

त्यानं खरंच विचार केला. "नाही," तो म्हणाला. "वासाची लाज वाटायची."

त्यानं तिला माफ केलं असं काही तो म्हणाला नाही, आणि तिनंही माफी मागितली नाही. पण त्यानंतर घरात एक फरक पडला. त्याचं बोलणं दुसऱ्यांना कळायचं नाही म्हणून तो आधी तिच्याशी बोलायचा आणि ती ते पुढं सांगायची. दुकानात, बँकेत, पालकांच्या सभेतसुद्धा. तो सभेत आता तंबाखूबद्दल कमी बोलायचा आणि हिरड्यांबद्दल जास्त. रक्त आलं तर लाजू नका, दाखवा, हे वाक्य ती त्याच्या शेजारी उभी राहून मोठ्यानं म्हणायची. काही बाया ऐकायच्या. काही त्याच्या मनगटावरच्या व्रणाकडं बघत बसायच्या.

संक्रांतीच्या सुमारास एका सकाळी ती पोस्टात निघाली असताना त्यानं तिला थांबवलं. तिचं बोट धरून आपल्या उजव्या जबड्याखाली टेकवलं. कातडीखाली तुरीच्या दाण्याएवढं काहीतरी होतं.

"कधीपासून?"

"परवापासून. अजून कुणाला सांगितलं नाही. तुलाच सांगून राहिलो."

तिनं पोस्टात रजा कळवली. दोघं त्याच दिवशी लातूरला गेले. उज्वला मॅडमनी दाणा चाचपला, सुई घालून पाणी काढलं. अहवाल यायला आठवडा लागला. त्या आठवड्यात घरात कुणी नीट जेवलं नाही. अहवालात कॅन्सरच्या पेशी निघाल्या नाहीत. एका उरलेल्या दाढेच्या मुळाशी जंतूंनी पुन्हा घर केलं होतं, त्याची ती सूज होती. औषधं दिली, दाढेवर उपचार ठरवले.

"म्हणजे बरंच आहे ना?" रेणुकानं विचारलं.

"आज बरं आहे," मॅडम म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात या."

लातूरच्या स्टँडवर कंधारची गाडी लागायला वेळ होता. तनुजा क्लास बुडवून आली होती. आनंदराज बाकावर बसून पाण्याच्या बाटलीतून लहान लहान घोट घेत होता. घोट बाहेर ओघळू नये म्हणून त्याला मान उजवीकडं कलती धरावी लागे. तनुजानं रुमाल पुढं केला. रेणुका त्याच्याकडं बघत होती, आणि मॅडमचं 'आज बरं आहे' हे बोलणं मनातल्या मनात पुन्हा पुन्हा म्हणून बघत होती. त्यातल्या कोणत्या शब्दावर भरवसा ठेवायचा, हे गाडी आली तरी तिचं ठरलं नव्हतं.